ते ‘पाच टक्के’ आले कुठून?

परवा रात्री अकराला धाकट्या बहिणीचा फोन. ती एका पदवी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. “ताई, मी बोलते त्यातलं पोरांच्या डोक्यात पाचच टक्के राहतं म्हणे. मग एका तासासाठी मी चार-चार तास तयारी कशाला करते?”

पाठोपाठ तो रंगीत त्रिकोण आला. तुमच्याही ग्रुपवर फिरला असेलच. व्याख्यान ऐकून ५ टक्के लक्षात राहतं, वाचून १०, दृकश्राव्यातून २०, प्रात्यक्षिक पाहून ३०, चर्चेतून ५०, स्वतः करून ७५, दुसऱ्याला शिकवून ९०. खाली मागण्या: विद्यापीठांनी व्याख्यानं बंद करावीत, वर्गोवर्गी स्मार्टबोर्ड बसवावेत, प्रत्येकाची ‘शिकण्याची शैली’ (कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, असं मानणारी कल्पना) ओळखून शिकवावं.

आधी ते आकडे. कोणता विषय, किती मुलं, किती दिवसांनी विचारलं, काही पत्ता नाही. काट्यावर भाजीसुद्धा इतकी मुकाट पाचाच्या पटीत बसत नाही. आधार म्हणून नाव देतात अमेरिकेतल्या नॅशनल ट्रेनिंग लॅबोरेटरीजचं. मूळ संशोधन आता आपल्याकडे नाही, असं त्या संस्थेनेच सांगून टाकलंय. आकार उचललाय अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या १९४६ च्या ‘अनुभवाच्या शंकू’वरून. त्या शंकूत एकही टक्का नव्हता! अनुभव किती मूर्त, किती अमूर्त, एवढीच मांडणी होती, आणि तीही फार शब्दशः घेऊ नका असं डेल बजावत होते. अशाच टक्क्यांची एक यादी १९६७ साली मोबिल या तेलकंपनीतल्या एका माणसाने मासिकात छापली, पुरावा न देता. तिच्यात वाचून १० आणि ऐकून २०. या त्रिकोणात नेमकं उलटं, ऐकून सगळ्यात कमी. म्हणजे ढापतानाही धड ढापलं नाही.

शिकण्याच्या शैलीचं थोडक्यात: २००८ साली चार मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन तपासलं, शैलीनुसार शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा सापडला नाही. स्मार्टबोर्डबद्दल काय बोलायचं? बहिणीच्या वर्गातल्या बोर्डाच्या चौकटीला सध्या परीक्षेच्या सूचना चिकटवतात.

एक मात्र मान्य करावं लागतं. सलग तासभर बोलत राहणं खरंच कमी पडतं. २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित शिकवण्यावरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होणारे सुमारे ३४ टक्के, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२. हे आकडे मोजलेले आहेत. पण त्यातून शिक्षकाने बोलूच नये असं कुठे निघतं?

बहीण हे आधीपासून करतेच. वर्गात ११० मुलं, बाक जमिनीला ठोकलेले. विसाव्या मिनिटाला ती फळ्यावर एक प्रश्न आणि चार उत्तरं लिहिते. हात वर. मग “शेजारच्याला पटवून सांगा,” दोन मिनिटं कलकलाट. पुन्हा हात वर. पण मुलं नेमकी कुठे अडतील ते हेरून तो प्रश्न काढायला तयारी लागते, ते चार तास त्यातच जातात.

“तयारी सोडू नकोस,” मी म्हटलं.

“सोडत नाही गं. पण पैसे तासाचेच मिळतात, तयारीचे नाही. ते कुठल्या त्रिकोणात लिहू?”