गाठ लाकडाशी आहे!

आमच्या घरात सुरी ही तशी पाहुणीच. आई विळीवर बसते, आणि विळीला मूठ नसते. त्यामुळे मी सुरीला मूठ करायला घेतली तेव्हा ‘एवढं अडलंय काय?’ हा तिचा प्रश्न बिनतोड होता.

वखारीत चिंचेच्या ओंडक्यावर भली मोठी गाठ दिसली. झाडाला इजा झाली, कीड लागली की कधीकधी अशी गाठ धरते. आतल्या रेषा वाटेल तशा वळतात, मधे मधे डोळे उमटतात. वखारवाल्याच्या लेखी ते जळण. मी भाव विचारला आणि त्याच क्षणी ते जळण राहिलं नाही.

हे लाकूड दिसायला देखणं, पण काडीचा भरवसा नाही. इथे मऊ, तिथे ठिसूळ, पावसात फुगणार, उन्हात तडकणार. म्हणून त्याच्या छिद्राछिद्रांत पातळ रेझिन, म्हणजे तापवलं की कडक होणारा द्रव, भरून ते आतच घट्ट करायचं. त्याआधी लाकूड ठणठणीत कोरडं हवं: ओव्हनमध्ये साधारण 105 अंशांवर निदान 24 तास, वजन घटायचं थांबेपर्यंत. निववायचंही हवाबंद पिशवीत, नाहीतर नाशिकचा जुलै काढलेलं पाणी सव्याज परत करतो.

रेझिन ज्या ओव्हनमध्ये तापवलं त्यात पुन्हा खायचं काही करू नये, हा नियम मी बायकोला प्रामाणिकपणे वाचून दाखवला. तिला तो फारच पटला. जुना ओव्हन माझा झाला, आणि तिच्यासाठी नवा मोठा आला. या सगळ्या उद्योगात नफ्यात राहिलेली ती एकटीच.

डब्यातली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप एसी दुरुस्तीवाल्याकडून उसना आणला. डब्यात लाकूड, ते तरंगू नये म्हणून वर वजन, वरून रेझिन, मग जाड पारदर्शक झाकण. किती हवा निघाली ते दाखवणारा परदेशी कारागिरांचा काटा 29 इंचांच्या वर जातो, माझा 28 च्या अलीकडेच रुसून बसला. गळती शोधली, रबर बदललं, झाकणावर स्वतः बसायचंही मनात आलं. कारण भलतंच निघालं. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या 29.9 इंचांइतका असतो, आणि हजार फूट वर गेलं की साधारण इंचभर उतरतो. नाशिक दोन हजार फुटांच्या आसपास, आणि जेवढा दाब मुळात आहे त्याहून जास्त पंप काढणार कुठून? म्हणजे इथे 28 हे पैकीच्या पैकी मार्क! एसीवाल्याला मी हे रंगवून सांगितलं. तो म्हणाला, “मग भाऊ, मुंबईला जाऊन करा ना.”

पंप सुरू झाला की लाकडातली हवा बाहेर पडते आणि रेझिनला फेस येतो. हे बुडबुडे तासन्‌तास थांबत नाहीत. आई येता-जाता डोकावायची. “झाला का रे पाक?” गंमत म्हणजे रेझिन आत शिरतं ते पंप बंद करून हवा सोडल्यावर. त्यामुळे पंप जेवढा वेळ चालला त्याच्या दुप्पट तरी लाकूड तसंच बुडवून ठेवायचं. मग फॉइलमध्ये गुंडाळून 90-95 अंशांवर भाजायचं. घरभर असा वास, की शेजारचे काका विचारायला आले, “वायर जळतेय का?”

मग घासणं. पॉलिश पेपर आधी खरखरीत, मग बारीक बारीक होत जाणारे: 120, 220, 400, 600, 1000, 2000. या प्रकरणातला खरा खलनायक म्हणजे 220 चा ओरखडा. तो 400 ला लपतो, 600 ला गप्प बसतो, आणि 1000 नंतर लाकूड चकाकायला लागलं की उजेडात तिरपा हसतो. पुन्हा 220 पासून सुरुवात. तोंडाला मास्क, भुवयांवर चिंचेची पूड.

मूठ पात्याला पक्की धरणाऱ्या पिनांसाठी पितळेची बारीक सळी हवी होती. भांडी बाजारात हंडे, घागरी, समया, सगळं होतं. “सळी? किती किलो?” “चार इंच.” दुकानदाराने माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या गिऱ्हाईकाकडे पाहिलं. शेवटी सातपूरच्या एका लेथवाल्याने भंगारातला तुकडा फुकट दिला.

मूठ झाली खंडेनवमीच्या तोंडावर. आईने विळी, पक्कड आणि माझी सुरी पाटावर मांडली आणि मी “अगं, पॉलिश!” म्हणेपर्यंत हळदीकुंकवाची बोटं उमटलीसुद्धा. ओल्या फडक्याने सगळं निघालं. रेझिनचं सार्थक झालं! फक्त एका डोळ्यात हळद बसली, कारण मोठ्या पोकळ्या या रेझिनने भरत नाहीत, त्या नंतर वेगळ्या बुजवाव्या लागतात. हा पिवळा ठिपका मुद्दाम ठेवलाय का, असं कुणी विचारलं तर मी लगेच हो म्हणतो.