सत्त्याहत्तर गुण कमी पडले

आयपीएल सुरू झाली की आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर क्रिकेटपटू अंकित चव्हाणचा विषय निघतोच. 2013 साली आयपीएलमधल्या स्पॉट-फिक्सिंगच्या आरोपावरून अटक, आजन्म बंदी. 2015 मध्ये कोर्टाने आरोपमुक्त केलं, तरी बंदी कायम. ती सात वर्षांवर आली थेट 2021 मध्ये. निम्मा ग्रुप म्हणतो बिचारा, निम्मा म्हणतो बरी अद्दल घडली. मग एक शहाणा हमखास लिहितो : सट्टा कायदेशीर करा, सेटिंग आपोआप थांबेल. "अमेरिकेत बघा!"

अमेरिकेत मी राहतो, म्हणून सांगतो.

आमच्या न्यू जर्सीतल्या एंगलवुडचा शर्मन व्हाइट लाँग आयलंड युनिव्हर्सिटीकडून बास्केटबॉल खेळायचा. 1950-51 मध्ये सामन्यामागे 27.7 गुण, देशात आघाडीच्या खेळाडूंपैकी एक. फेब्रुवारी 1951 मध्ये पोलिसांनी उचलला तेव्हा राष्ट्रीय विक्रमाला 77 गुण कमी होते. त्याची आणि साथीदारांची सेटिंग हरण्याची नव्हती. बुकींनी दहा गुणांनी जिंकणार असं धरलंय ना, मग सहानेच जिंकायचं, म्हणजे उलट बाजूने लावणाऱ्याचे पैसे सुटतात. कॉलेज जिंकलं, प्रेक्षक खूश, बास्केटला लागून हुकलेला चेंडू कोणाच्या लक्षात राहतो? पैसे पुरवणारा होता सोलाझो नावाचा जवाहिऱ्या. तो तुरुंगात गेला, हे खरं. पण व्हाइटही न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगात आठ महिने काढून आला आणि एनबीएचं, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं, दार कायमचं बंद झालं. मग शनिवार-रविवारी छोट्या गावांच्या लीगमध्ये खेळत राहिला. न्यूयॉर्कमधल्या ज्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन स्टेडियमची तिकिटं या पोरांच्या जिवावर खपत, ते गार्डन मात्र शाबूत राहिलं. पोरांना पगार नव्हताच.

व्हाइटने पैसे घेतले, त्यात माफ करण्यासारखं काही नाही. मॅनहॅटन कॉलेजच्या ज्युनियस केलॉगने त्याच सुमारास हजार डॉलर नाकारून प्रशिक्षकाला सांगितलं होतंच. पण "आजन्म की सात वर्षं" यावर भांडताना आपण फक्त पोराकडे बघतो.

आणि कायदेशीर सट्टा? 2018 मध्ये आमच्याच राज्याने सुप्रीम कोर्टात खटला जिंकून तो आणला. आता मॅच बघताना स्कोअरशेजारी भाव असतो, जाहिरातीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत व्यसनमुक्तीचा नंबर. स्थानिक कॉलेजांच्या पोरांना जपायचं म्हणून रटगर्स या आमच्या राज्याच्या विद्यापीठाच्या सामन्यांवर मात्र इथे पैसे लावायला बंदी आहे. एंगलवुडहून जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडून न्यूयॉर्कमध्ये गेलं, की त्याच फोनवरून लावता येतात.