पॅनेलच्या मागं काय आहे ते सांगा की

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट मोठी होणार.

सकाळी मावसबहिणीबरोबर एक फ्लॅट बघायला गेलेले. सांगलीचा गावभाग, मारुती चौकाच्या अगदी जवळ, जुनी बिल्डिंग, चार पायऱ्या चढलं की दार. जाहिरातीत 'फुल्ली रिनोव्हेटेड'. आणि चकाचक केलाय हे खरंय, फॉल्स सिलिंग, मॉड्युलर किचन, बाथरूमला छतापर्यंत टाइल्स, बहीण तर किचनचे ड्रॉवर उघडून कुठं काय ठेवायचं ते ठरवायलाच लागली. माझं लक्ष मात्र हॉलमधल्या पीव्हीसी पॅनेलवर. चारी भिंतींना, फरशीपासून माझ्या डोक्याच्या वर. आणि स्विचबोर्ड त्याच्याही वर, पोराला लाइट लावायला स्टूल लागेल. सांगलीकरांना पुढचं सांगायला नको, बाकीच्यांना सांगते, पुराच्या पाण्याची रेषा झाकलेली असणार.

तरी विचारलं, 2019 च्या महापुरात पाणी कुठवर होतं? एजंट म्हणतो, "ताई, या बिल्डिंगला लागत नाही पाणी, रस्त्यावर येतं थोडं."

थोडं! त्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर पाणी होतं. धोक्याची पातळी 45. मारुती चौकात बोटी फिरत होत्या, आणि कृष्णामाई या बिल्डिंगला वळसा घालून गेली काय?

माझ्या मामाचा फ्लॅट पण गावभागातच, तळमजला. महापुरानंतर विकायला काढला. येईल त्या माणसाला मामा चहाच्या आधी भिंतीजवळ न्यायचा, हात वर करून दाखवायचा, "इथपर्यंत." रेषेवर रंग मारू दिला नाही त्यानं. मामी वैतागायची, अहो निदान बसू तरी द्या माणसाला. कितीतरी गिऱ्हाइकं तिथूनच मागं फिरली.

वकील मैत्रिणीला फोन केला, ती म्हणाली 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, कलम 55, बघून कळणार नाही असा दोष विकणाऱ्यानं सांगायलाच पाहिजे. मग सांगतंय कोण? वकिलाच्या सर्च रिपोर्टमध्ये 30 वर्षांचे मालक दिसतात, कर्जाचा बोजा दिसतो, पाणी कुठं दिसतं? पुराची निळी रेषा, लाल रेषा पाटबंधारे खात्याच्या नकाशावर, आणि घर बघायला जाताना नकाशा कोण घेऊन जातं. नवीन स्कीमवाल्या बिल्डरांवर लक्ष ठेवायला महारेरा तरी आहे, रिसेलला सगळा कारभार एजंटच्या तोंडावर. पुट्टी, पॅनेल, वरनं रंग, आणि किंमत नदीपासून लांबच्या विश्रामबागच्या बरोबरीची!! पॅनेलच्या मागं ओलीनं भिंतीला लोणा सुटलेला असणार, दोन पावसाळ्यांत वास यायला लागेल, तोवर हा एजंट दुसऱ्या गल्लीत दुसरं घर दाखवत असेल.

हां, मालकाची बाजू आहे, नाही असं नाही. बिचाऱ्यानं चिखल उपसलाय, दारं फुगलेली, फर्निचर रस्त्यावर टाकलेलं, वर कर्ज काढून घर उभं केलं असणार. खरं सांगितलं तर भाव पडतो. आणि दरवर्षी काय महापूर येत नाही, मान्य. त्याचा राग नाही यायला पाहिजे मला खरं तर. तो खोलीत आलाच नाही, खाली स्कूटरवर बसून होता, निघताना आमच्याकडं बघितलं पण नाही.

पण मामाचं पण तेच नुकसान झालेलं ना. त्याचा फ्लॅट शेवटी वाळव्याकडच्या एका कुटुंबानं घेतला, त्यांना पाण्याची सवय, भाव मात्र दाबूनच घेतला. 2021 ला पाणी चढायला लागलं तेव्हा त्यांनी फ्रीज, गाद्या, पोरांची दप्तरं आधीच वरच्या मजल्यावर नेलेली. कारण रेषा माहीत होती! मामी अजून म्हणते, तुमच्या खरेपणापायी पोरीच्या लग्नाचे पैसे गेले. ते पण खोटं नाही. मामा त्यावर काही बोलत नाही, पेपर वाचत बसतो.

बहिणीला तोच फ्लॅट पाहिजे. दाजींचं दुकान गणपती पेठेत, पोरांची शाळा चालत जाण्यासारखी, तिचं चूक आहे असं मी म्हणणारच नाही. घे बाई. पण पाणी कुठवर होतं ते विचारून घे, हॉलमधलं एक पॅनेल काढून भिंत बघ आणि त्या हिशोबानं भाव कर. हे म्हटलं तर एजंट म्हणतो पॅनेल काढलं तर नुकसानभरपाई द्यावी लागेल. म्हणजे बघा!

टोकन रविवारी द्यायचं ठरतंय. मारुती चौकाच्या मागच्या गल्लीत 2019 ला कोण राहत होतं का? फोटो असतील तर इनबॉक्सला टाका. नाव कुठं येणार नाही.