घुसेल त्याचा रस्ता

गाडी शिकवणारे क्लच शिकवतात, गिअर शिकवतात, रिव्हर्स पण शिकवतात, पण चौकात चार बाजूंनी चार गाड्या आल्या तर आधी कोणी जायचं हे मात्र कोणी धड सांगत नाही, म्हणून म्हटलं आपणच सांगून टाकू. अनुभव दांडगा आहे. गाडीच्या चारही कोपऱ्यांवर लिहिलेला आहे.

सगळ्यात आधी एक गैरसमज डोक्यातून काढा. आधी कोणी जायचं, याला इंग्रजीत म्हणतात 'राइट ऑफ वे'. हे नाव ऐकलं की वाटतं काहीतरी हक्क वगैरे मिळणारे. नियम वाचायला बसा, हाती काय लागतं? नुसतं द्या, द्या आणि द्या. मेन रोडवरच्याला साइड द्या, वळताना सरळ येणाऱ्याला द्या, झेब्रावरच्या माणसाला द्या. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, तर चक्क लिहून ठेवलंय की हे नियम तुम्हाला कुठल्याही परिस्थितीत राइट ऑफ वे देत नाहीत, दुसऱ्याला तो कधी द्यायचा एवढंच सांगतात. म्हणजे अख्ख्या पुस्तकात घेणारा कोणीच नाही, सगळे देणारेच. असलं पुस्तक वाचून कोण कधी वेळेवर पोचलंय? ठेवा बाजूला. आपला नियम एकच, घुसेल त्याचा रस्ता.

आता घुसायचं कसं, तर त्याचंही शास्त्र आहे. आधी बंपर आत घालायचा, मग अजून एक वीत, मग अजून एक, ब्रेकवरचा पाय असा हळूहळू सोडत की बघणाऱ्याला वाटावं गाडी आपोआपच पुढे सरकतेय, यात ड्रायव्हरचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. आणि मुख्य म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात बघायचं नाही. नजरानजर झाली की तुम्ही त्याला बघितलंय हे त्याला कळतं, आणि मग तो बिनधास्त निघतो कारण आता थांबायची जबाबदारी तुमची. मान ताठ, नजर लांब कुठेतरी, चेहऱ्यावर खोल विचार. तो थांबतोच. आता ताशी ५० नी येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर पुढे येते, आणि तुमचं नाक दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एखादा सेकंद गेलेला असतो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच तीन गाड्यांच्या लांबीएवढा रस्ता संपला. पण हे गणित त्याने करायचं, तुम्ही कशाला करताय.

बऱ्याच देशांत असा नियम आहे की चौकात सिग्नल नाही, पाटी नाही, तर उजव्या हाताने येणारा आधी जाणार. ऐकायला सोपं वाटतं ना? आता चारही बाजूंनी एकाच वेळी एकेक गाडी आली असं समजा. प्रत्येकाच्या उजवीकडे कोणीतरी आहेच, म्हणजे प्रत्येकाने थांबायचं, म्हणजे नियमाने वागले तर चौघंही तिथेच म्हातारे होणार. खुणेने एकाने दुसऱ्याला 'तुम्ही व्हा पुढे' म्हटलं की गुंता सुटतो म्हणे, पण त्यात कमीपणा येतो. त्यापेक्षा तुम्ही घुसा. ती एक प्रकारची समाजसेवाच आहे. अडचण एवढीच की बाकीच्या तिघांनाही त्याच क्षणी समाजसेवेची हुक्की येते.

पाट्यांचं मनावर घेऊ नका. स्टॉपची पाटी अष्टकोनी आणि 'साइड द्या'ची उलटा त्रिकोण, का, तर वर बर्फ साठला किंवा मागून बघितलं तरी नुसत्या आकारावरून ओळखू यावी. एवढा विचार करून ठेवलाय लोकांनी, वाईट वाटतं हो! अमेरिकेत साइड द्यायची पहिली पाटी १९५० साली टल्सा शहरातल्या एका धोकादायक चौकात लागली, क्लिंटन रिग्ज नावाच्या पोलिसाची कल्पना. म्हणजे त्याआधी तिथली माणसं त्या पाटीशिवायच गाड्या चालवत होती की नाही? मग!

गोल चौकाची गोष्ट जरा दुःखाची आहे. एकेकाळी ब्रिटनमध्ये आत असलेल्याने थांबायचं की बाहेरून येणाऱ्याने हे पक्कं नव्हतं, त्यामुळे बाहेरचे आत घुसायचे, आतले अडकायचे आणि सगळा चौक थिजलेल्या तुपासारखा घट्ट. १९६६ साली त्यांनी नियम केला की आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि वाहतूक लागली की हो सुरळीत वाहायला. काय मजा राहिली? पण निराश होऊ नका, पॅरिसला त्या प्रसिद्ध विजयकमानीभोवती अजूनही बाहेरून येणाऱ्यालाच आधी जायचा मान आहे, आतले थांबतात. आपल्यासारख्यांनी तिथे एकदा तरी जाऊन डोकं टेकवून यावं.

डिपरचं व्याकरण मात्र पाठ करा. तुम्ही डिपर मारलात तर अर्थ 'थांब, मी येतोय'. समोरच्याने मारला तर अर्थ 'या साहेब, आधी तुम्ही'. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ब्रिटिशांच्या पुस्तकात डिपरचा अर्थ फक्त 'मी इथे आहे' एवढाच आहे, त्यांना कवितेतलं काही कळत नाही.

घाटात अरुंद जागी उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, कारण चढावर थांबलेली गाडी परत उचलणं अवघड, ठीक आहे, पण गाडी त्याची, क्लच त्याचा, जळला तर त्याचा जळेल. पायी चालणारे? बळी तो कान पिळी, पुढे काय सांगायचं. आणि ॲम्ब्युलन्सला जरूर वाट द्या, लगेच द्या, म्हणजे तिच्या मागे चिकटून निघता येतं.

हे सगळं नुसतं बोलत नाही, करून बघितलंय. मागे एकदा बिनसिग्नलच्या चौकात मी असाच वीत वीत करत नाक घातलं. माझ्या बाजूला उलटा त्रिकोण होता, पण अर्धा फांदीमागे, आणि अर्ध्या त्रिकोणाला अर्धाच मान. पलीकडून एक व्हॅन. तिच्या ड्रायव्हरचीही मान ताठ, नजर लांब, चेहऱ्यावर खोल विचार. गुरुबंधूच निघाला. कड्क असा आवाज झाला, फार मोठा नाही, हेडलाइटची काच जाते तेवढाच. दोघं उतरलो आणि दोघांच्या तोंडून एकदम एकच वाक्य, "मी आधी आलो होतो." मागे हॉर्नचा नुसता कल्ला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कोणी एक इंच हटायला तयार नाही, आणि तेवढ्यात एक सायकलवाला घंटी वाजवत आला आणि आम्ही दोघंही, भांडण चालू ठेवूनच, एकेक पाऊल मागे सरकून त्याला वाट करून दिली.

कशी काय दिली ते विचारू नका, चुकून झालं. पण आधी मीच आलो होतो.