तेरा-दहा

आमच्या घरात सध्या एक मनुष्य आयोवाची कानटोपी घालून वावरतो आहे आणि मला त्याला काही बोलता येत नाही, कारण तो माझा मामेसासरा आहे. टोपी लोकरीची, काळीकुळकुळीत. कपाळावर पिवळ्या ससाण्याचं डोकं, शेंड्याला पिवळा गोंडा. मामा ती घालून चहा पितात. ती घालून ज्ञानेश्वरी वाचतात. काल व्हिडिओ कॉलवर कोल्हापूरहून मामींनी ती पाहिली आणि "अगंबाई, रुबाबदार दिसतंय की!" असं प्रशस्तिपत्रक दिलं. हे सगळं ओमाहात, नेब्रास्कात, ज्या घराच्या दाराला बारा महिने लाल 'एन'चा झेंडा लटकतो त्या घरात.

ज्यांना यातलं गांभीर्य कळत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ओमाहा मिझुरी नदीच्या या तीरावर आणि पलीकडच्या तीरावर आयोवा. पूल ओलांडला की शत्रू. दोन्ही विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीम थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, एकमेकींशी भिडतात. मी लिंकनला नेब्रास्का विद्यापीठात एमएस केलं. त्याचं शैक्षणिक कर्ज फिटलं, टीम मात्र अजून सुटलेली नाही.

यंदाची, म्हणजे २०२४ ची, मॅच आयोवा सिटीत होती, त्यामुळे टीव्हीसमोर बसलो. मामा नुकतेच आले होते, जेट लॅगमुळे संध्याकाळी टक्क जागे होते, आणि 'फुटबॉल' हा शब्द त्यांच्या कानावर पडला.

इथे मामांचा अधिकार सांगायला हवा. मामा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले. ज्या गावात तालमीचे पैलवान आखाड्यातून उठून फुटबॉल खेळायला लागले, जिथे पाटाकडील तालीम विरुद्ध प्रॅक्टिस क्लब अशी मॅच असली की राजर्षी शाहू स्टेडियमच्या बाजूने जाणारा माणूस घरी उशिरा येण्याचं कारण सांगत नाही, जिथे वर्ल्ड कपला ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या खेळाडूंचे चार-चार मजली कटआउट लागतात आणि त्यावरून सख्खे भाऊ बोलायचे थांबतात, त्या गावचे. त्यातून तरुणपणी मामा गोलकीपर होते. डाव्या हाताची करंगळी अजून वाकडी आहे आणि ती का वाकडी आहे हे विचारायची सोय नाही, कारण उत्तर जेवणापर्यंत चालतं.

नाणेफेक झाली. आमच्या कॅप्टन मंडळींनी आयोवावाल्यांशी हात मिळवलाच नाही. मामा ताठ बसले.

"ह्ये बेस्ट. असंच पायजे. जावईबापू, लाल आपले न्हवं?"

"हो मामा."

"आन् ही सगळी कॉलेजची पोरं?"

"हो. बी.ए., बी.कॉम. असतात ना, तशी."

मामांनी आमच्या बचाव फळीतल्या एका बी.कॉम.कडे पाहिलं. त्याची मान माझ्या मांडीएवढी होती. "काय खायला घालत्यात वो हॉस्टेलात?"

मग खेळ सुरू झाला आणि दर पंधरा सेकंदांनी बंद पडू लागला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, टचडाउनचे सहा, वर एक्स्ट्रा पॉइंट, दोन खांबांमधून चेंडू मारला तर तीन, असं मी जीव तोडून समजावत होतो. मामा प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणत होते आणि मान मात्र नकारार्थी हलवत होते. चौथी जाहिरात लागली तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडं एवढ्या वेळात दोन टीमा खेळून, भांडून, पोलिसांत जबाब देऊन घरला जेवाय येत्यात."

"मामा, डावपेच असतात यात. बुद्धिबळासारखं आहे."

"मग बसून खेळा म्हनावं."

मध्यंतराला आम्ही दहा, आयोवा शून्य. मी उठून घरभर फिरून आलो. एक आठवड्यापूर्वीच आम्ही विस्कॉन्सिनला ४४-२५ झोडपलं होतं आणि मी स्टेडियममध्ये होतो. २०१६ नंतर पहिल्यांदा सहा विजय पूर्ण झाले, म्हणजे मोसमाअखेरच्या 'बोल' सामन्याची पात्रता मिळाली. देशातल्या निम्म्याहून जास्त टीमना ती मिळते. आम्हाला सलग सात मोसम मिळाली नव्हती. त्या दिवशी लोक कुंपण ओलांडून मैदानात धावले. शेजारच्या रांगेतला एक शेतकरी, ज्याच्याशी माझं आयुष्यात एक अक्षर बोलणं झालेलं नव्हतं, मला मिठी मारून हमसाहमशी रडला. त्याच्या जाकिटाला मक्याच्या भुश्शाचा वास येत होता. माझ्या लग्नातही मला कुणी इतकं घट्ट धरलं नव्हतं.

एवढं रडायला काय झालं, असं तिऱ्हाईताला वाटेल. पण या टीमचा इतिहास मोठा आहे आणि तीच खरी पीडा. १९७०, १९७१, १९९४, १९९५, १९९७ अशी पाच राष्ट्रीय अजिंक्यपदं. १९६२ पासून घरच्या एकाही मॅचला तिकीट शिल्लक राहिलेलं नाही. सामन्याच्या दिवशी स्टेडियममध्ये पंचाऐंशी हजारांच्या वर माणूस जमतो, म्हणजे ओमाहा आणि लिंकन सोडलं तर राज्यातलं सगळ्यात मोठं गाव तेच. २००३ मध्ये यांनी असा कोच काढला होता की ज्याने त्या मोसमात नऊ सामने जिंकले होते आणि तीन हरले होते. नऊ कमी वाटले! आज कुणी नऊ जिंकून दाखवावेत, आम्ही त्याच्या जोड्यांची पालखी काढू.

मी आलो तेव्हा वाडा पडलेला होता, फक्त पाटीलकी शिल्लक होती. मग २०१८ ला स्कॉट फ्रॉस्ट कोच होऊन आला. नेब्रास्काचाच मुलगा, १९९७ च्या अजिंक्य टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाली रचणारा मुख्य गडी. घरचा पोरगा घर सावरणार म्हणून राज्याने नुसतं नाचायचं बाकी ठेवलं. २०२१ मध्ये बारापैकी नऊ सामने हरलो, आणि नऊच्या नऊ हार नऊ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने. हे मुद्दाम ठरवून करायला गेलं तरी जमणार नाही. २०२२ ला थेट आयर्लंडमध्ये, डब्लिनला, नॉर्थवेस्टर्नविरुद्ध अकरा गुणांनी पुढे असताना आखूड किक मारून चेंडू परत मिळवायचा भलता धाडसी बेत केला, तो फसला, आणि आम्ही ३१-२८ हरलो. दोन आठवड्यांनी कोचला नारळ दिला. तीन आठवडे थांबले असते तर करार मोडल्याबद्दल त्याला द्यायची रक्कम दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर येणार होती. तेवढाही धीर निघाला नाही.

दीड कोटी डॉलर! मी ज्या इमारतीत शिकलो तिथे हिवाळ्यात हीटर चालत नव्हता, आम्ही स्वेटरवर जाकीट घालून कम्पायलर लिहिला. लायब्ररीत प्रिंटआउटचे पानाला पैसे घेत. त्याबद्दल कुणी कधी मिठी मारून रडलं नाही. आणि माजी विद्यार्थी म्हणून देणगीसाठी फोन येतो तेव्हा समोरची मुलगी आधी विचारते की मोसम कसा वाटला.

असो. उत्तरार्ध.

तिसऱ्या-चौथ्या डावात जे व्हायचं ते झालं. आयोवाच्या एका गड्याने छोटा पास घेतला आणि बहात्तर यार्ड पळत सुटला. बघता बघता १०-१०. मी बोलायचा थांबलो. बायको आतून आली, माझ्याकडे पाहिलं, स्कोअर पाहिला आणि काही न बोलता परत गेली. ती व्हॉलीबॉलवाली. आमच्या विद्यापीठाच्या मुलींच्या व्हॉलीबॉल टीमने पाच राष्ट्रीय विजेतेपदं जिंकलेली आहेत. २०२३ मध्ये त्यांच्या सामन्यासाठी हेच फुटबॉलचं स्टेडियम घेतलं तर ९२,००३ प्रेक्षक आले. हा आकडा बायको मला सुट्टे पैसे मोजून दिल्यासारखा दर महिन्याला देते.

"मामा," मी म्हणालो, "गेल्या वर्षी लिंकनला, याच वेळी १०-१० होते. शेवटच्या सेकंदाला त्यांनी खांबातून किक मारली. तेरा-दहा."

"मग यंदा तसं न्हाई व्हायचं."

"२०१८ लाही तसंच झालं. २०१९ लाही. त्या वेळी ज्याने किक मारली, तो आमच्या खेळाडूंकडे बघून हवेत मुके फेकत पळाला."

मामांनी पहिल्यांदाच माझ्याकडे आस्थेने पाहिलं. "मुके? आन् त्यो स्टेडियमातनं चालत घरला गेला?"

घड्याळात अर्धं मिनिटही उरलं नव्हतं आणि चेंडू आमच्याकडे होता. ओव्हरटाइम नक्की. तेवढ्यात आमच्या क्वार्टरबॅकला, कोवळं पहिल्या वर्षाचं पोर ते, मागून कुणीतरी धडकलं, चेंडू हातातून निसटला आणि त्यावर काळ्या जर्सीचा ढीग पडला. मग आयोवाचा किक मारणारा मुलगा सावकाश चालत आत आला. त्रेपन्न यार्ड. मी डोळे मिटले. कॉमेंटेटरच्या आवाजावरून कळलं. तेरा-दहा. गेल्या वर्षीचाच स्कोअर, एका आकड्याचाही फरक नाही. नाणेफेकीला हात न मिळवणारे आता हात हलवत परत निघाले होते.

खोलीत शांतता होती. आणि त्या शांततेत मामांनी मांडीवर थाप मारली.

"वा रं पठ्ठ्या! काय किक हानली! जावईबापू, तीन तास ही माणसं हातात घिऊन पळाली. सबंध खेळात पायानं धड असं एकदाच मारलं, आन् तेवढ्यातच तुमी हरलासा!"

मी म्हटलं, "मामा, खेळात पंटिंग असतं, किकऑफ असतो."

"असू दे की. पर मॅच कशानं गेली?"

याला उत्तर नव्हतं.

"कोच कोन हाय?"

मी नाव सांगितलं. मग कसल्या दुर्बुद्धीने कोण जाणे, पगारही सांगितला. आठ वर्षांचे सात कोटी चाळीस लाख डॉलर. मामांनी बोटांवर हिशोब केला, मधेच थांबून वाकड्या करंगळीवरून परत सुरू केला.

"म्हंजे सहाशे कोट रुपये."

"साधारण."

"सहाशे कोटात, जावईबापू," मामा फार मऊ आवाजात म्हणाले, "एक पोरगं त्या खांबाखाली उभं करायचं. गोलकीपर. हात वर करून."

चेंडू दहा फुटांवरच्या आडव्या दांडीच्याही वरून जातो हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर करंगळीची कथा सुरू झाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरची बेल वाजली. समोरच्या घरातले आजोबा. मूळचे आयोवाचे, उभी हयात नेब्रास्कात काढली, पण रक्त पिवळंच. हातात भोपळ्याच्या पायचा उरलेला तुकडा, चेहऱ्यावर विलक्षण सौजन्य. "तुमची मुलं फार छान खेळली हो," असं म्हणाले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मिडवेस्टमधल्या लोकांना खिजवायचंही गोड बोलूनच जमतं. मी दोन मिनिटांत त्यांना वाटेला लावलं असतं, पण मागून मामा आले आणि हवेत पाय झाडून ओरडले, "फर्स्ट क्लास किक!"

आजोबांचे डोळे भरून आले. मग अर्धा तास ते दोघं माझ्याच दारात, माझाच हीटर बाहेर सोडत, हातवारे करून बोलत राहिले. यांना त्यांचं इंग्रजी कळत नव्हतं, त्यांना यांचं. मामांनी करंगळी दाखवली. आजोबांनी गुडघा दाखवला. शेवटी आजोबांनी डोक्यावरची कानटोपी काढली आणि मामांच्या डोक्यावर चढवली. मामांनी ती नाकारण्याचा एक क्षणही विचार केला नाही. मी बायकोकडे तक्रार नेली तर म्हणाली, "अरे, त्यांना थंडी वाजते." मी म्हटलं, माझ्याकडे लाल टोपी आहे, ती देतो. मामा म्हणाले, "नको, ती पडकी हाय." फाटकी म्हणायचं होतं की हरलेली, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

खरं सांगायचं तर मला हरण्याचा राग नाही. चाळीस गुणांनी हरलो तर माणूस मध्यंतरालाच टीव्ही बंद करतो, भांडी घासतो, रविवारी ताजातवाना असतो. शेवटच्या सेकंदापर्यंत आशेला लावून ठेवायचं आणि मग पायाखालची सतरंजी ओढायची, हे आमच्या टीमला कुठल्या कोचने शिकवलं ते कळत नाही. रात्री अकराला मी गादीवर पडून छताकडे बघत असतो. एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातून चेंडू सुटला म्हणून. तो पोरगा तिकडे झोपलाही असेल. उद्या कदाचित ट्रान्स्फर पोर्टलमध्ये नाव टाकून दुसऱ्या विद्यापीठात जाईलही, हल्ली सर्रास जातात. मला कुठलं पोर्टल आहे?

आता रविवारी 'बोल' सामन्याची घोषणा झाली. न्यूयॉर्कला, यांकी स्टेडियमवर, २८ डिसेंबरला, बॉस्टन कॉलेजविरुद्ध. उघड्यावर, डिसेंबरच्या थंडीत, बेसबॉलच्या मैदानात. मी विमानाचे दर पाहत बसलो होतो. बायको म्हणाली, एवढ्या पैशांत कोल्हापूरला जाऊन अंबाबाईचं दर्शन होईल, ती तरी नवसाला पावते. मी म्हटलं, मामांनाही न्यूयॉर्क बघायचंच आहे की.

मामांनी पेपर खाली ठेवला. "येतो मी," म्हणाले. "पर तिकिटं काढायच्या आधी एक करा. त्या बॉस्टनवाल्यांचं पायानं मारनारं पोरगं कसं हाय, तेवढं बघून घ्या."