चाकाच्या तारा: कान, हात आणि ताणमापक

‘तारांचा ताण मोजायचे यंत्र म्हणजे नवशिक्यांचे खेळणे, जुने मिस्त्री कानाने आणि हाताच्या अंदाजाने चाके बांधत आणि ती आयुष्यभर चालत, शिवाय यंत्र अचूकही नसते,’ असा दावा सायकलवेड्या मंडळींत वरचेवर केला जातो.

जुनी चाके टिकली हे खरेच आहे. मात्र ती कोणती, हे कोणी सांगत नाही. पुढे ३२ आणि मागे ४० तारा, पोलादी रिंग आणि एकच फ्रीव्हील (मागचे दातेरी चक्र) असलेल्या रोडस्टरमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या साध्या सायकलीत, ताण थोडा कमीजास्त झाला तरी चाक निभावून नेत असे. आजच्या ११ गिअरांच्या सायकलीत कॅसेटला (मागच्या दातेरी चक्रांच्या संचाला) जागा करून देण्यासाठी मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, तारा अडकवायची उजवी कड मध्याकडे सरकवलेली असते, त्यामुळे डाव्या तारांच्या वाट्याला उजव्यांच्या जेमतेम निम्मा ताण येतो. उजवीकडे ११० किलो असतील तर डावीकडे ५५ ते ६०. पण उजवीकडे ८० वरच थांबलात, तर डावीकडे ४० च उरतात आणि खड्ड्यांतून जाता जाता तिथली निप्पले (तारा रिंगला बांधणारे छोटे नट) सुटत जातात. चाक सुरुवातीला सरळ फिरत असल्याने, आउट (चाकाचा वाकडेपणा) काढणाऱ्या मिस्त्रीला याचा संशयही येत नाही.

कानाची गोष्ट निराळी. तार छेडल्यावर येणारा स्वर ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो, म्हणजे ताण १२ टक्के वाढला तरी स्वर पेटीच्या शेजारच्या पट्टीपर्यंतच पोहोचतो. एका बाजूच्या, एकाच जाडीच्या तारा परस्परांशी जुळल्या आहेत का, हे ओळखायला कान उत्तम, आणि मीही आधी तोच वापरतो; पण सगळ्या तारा सारख्याच ढिल्या असल्या तरीही त्या सुरातच असतात. हाताला तर ताण कळतच नाही, निप्पल फिरवायच्या चावीला जाणवते ते आट्यांमधले घर्षण: त्याच ताणाला कोरडे निप्पल जड जाते आणि तेल दिलेले हलके.

अचूकतेच्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. यंत्र दोन खुंट्यांवर तार टेकवून स्प्रिंगने ती मधोमध किती वाकते एवढेच मोजते, आणि किलोचा आकडा तक्त्यातून काढावा लागतो. १.८ मिलिमीटरच्या तारेसाठी २ मिलिमीटरचा रकाना वाचला, तर ताण खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि आपण आवळत बसतो. हा दोष वाचणाऱ्याचा. स्प्रिंग थकली असेल, तर सुट्या तारेला माहीत असलेले वजन टांगून ती चूक पकडता येते. अंदाजाची चूक पकडायला असे वजन कुठे टांगणार?

‘शंका आली तर आणखी आवळा’ हा सल्ला याहून घातक आहे. २ मिलिमीटरची चांगली तार तुटायला अडीचशे किलोंहून अधिक ताण लागतो, म्हणून अति झाल्याचे तार सांगत नाही. तडा जातो तो रिंगला, निप्पलच्या भोकाशी, आणि तोही बहुधा काही महिन्यांनी.