चहाच्या विटेतले पिवळे ठिपके

‘चिनी काळ्या चहाच्या विटेत पिवळे ठिपके दिसले तर चहा सडलाय, फेकून द्या’ असा मेसेज फिरतोय. (हा काळा चहा म्हणजे पानं आंबवून, विटेसारखा दाबलेला चहा.) अर्धं खरं आहे. ठिपके बुरशीचेच असतात, पण चीनच्या हूनान प्रांतातल्या ‘फू’ या काळ्या चहात ती मुद्दाम वाढवतात. दाबलेली वीट उबदार, दमट खोलीत ठेवतात आणि आत अ‍ॅस्परजिलस क्रिस्टेटस नावाची बुरशी धरते. चिनी लोक तिला ‘जिन ह्वा’, म्हणजे सोनेरी फुलं म्हणतात. ती जितकी दाट, तितका चहा सरस. वीट मोडून बघा: रव्यासारखे बारीक, कोरडे पिवळे कण पानांना आतून चिकटलेले दिसतील.

हिरवी-काळी लव किंवा कुबट वास आला, तर मात्र किमतीकडे न बघता फेका. चीनच्याच युन्नान प्रांतातल्या पू-अर चहाची आंबवायची रीतच वेगळी, त्यात ही फुलं मुद्दाम वाढवत नाहीत.

फू चहा करताना ५ ग्रॅमला १०० मिली उकळतं पाणी घ्या. पहिलं पाणी ओतून द्या, दुसरं १०-१५ सेकंदांत गाळा. दूध घातलं म्हणून कुणी नाक मुरडू नये. चीनच्या वायव्येकडच्या शिनच्यांगमध्ये हाच चहा दूध-मीठ घालून पितात.